पाचटापासून हायड्रोजन? आधी त्या डांबराचं काय ते सांगा

गेल्या महिन्यात मामाचा फोन आला. मामा कोल्हापूरकडचे. तीन एकर ऊस आणि चार घरांच्या भागीदारीतलं एक गुऱ्हाळ. एरवी ते मला फोन करतात तो मोबाईल हँग झाला की. या वेळी आवाज वेगळा होता.

"एक पीडीएफ पाठवलीय, बघ जरा. पाचटापासून गॅस, गॅसपासून वीज, आणि पुढच्या टप्प्यात हायड्रोजन म्हणतायत. माणशी दोन लाख. गावातली अकरा जणं तयार आहेत. तू इंजिनिअर ना? सांग, टाकू का पैसे?"

पीडीएफ चकाचक होती. हिरवी पानं, निळे थेंब, बाणांनी जोडलेले सहा चौकोन. पहिला चौकोन 'बायोमास', दुसरा 'गॅसिफायर', तिसरा 'गॅस क्लीनिंग युनिट', मग 'जनरेटर' आणि पुढं ठिपक्याठिपक्यांच्या रेषेने 'हायड्रोजन'. पहिल्या, दुसऱ्या आणि शेवटच्या चौकोनावर प्रत्येकी एक पान खर्च केलेलं. तिसऱ्यावर एकच ओळ: 'अत्याधुनिक तंत्रज्ञानाने गॅस स्वच्छ केला जातो.'

मी मामांना म्हटलं, "दोन दिवस द्या. हा तिसरा चौकोन मला बघू दे."

हा लेख त्या तिसऱ्या चौकोनाबद्दल आहे. कारण ही पीडीएफ एकट्या मामांकडे आलेली नाही. जानेवारी २०२३ मध्ये केंद्र सरकारने राष्ट्रीय हरित हायड्रोजन मिशनला मंजुरी दिली, १९,७४४ कोटी रुपयांची. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये 'हरित हायड्रोजन' कशाला म्हणायचं याची व्याख्या आली. एक किलो हायड्रोजनमागे कार्बन डायऑक्साइडच्या हिशेबात दोन किलोपेक्षा जास्त उत्सर्जन नको, आणि त्या व्याख्येत पाण्याच्या विघटनाबरोबर बायोमासचा मार्गही बसवला गेला. म्हणजे पाचट, तूस, पऱ्हाटी, तुराट्या, सगळं एकदम 'हायड्रोजनचा कच्चा माल' झालं. यूट्यूबवर थंबनेल्सचा पूर आला. आपल्यापैकी बहुतेकांनी 'लाकडावर चालणारी बाईक' छापाचा एक तरी रील पाहिला असेलच.

त्या रीलमध्ये एक गोष्ट कधीच दिसत नाही. दुसऱ्या दिवशी तेच इंजिन उघडल्यावर आत काय असतं ती.

काडी पेटवा आणि नीट बघा

काडेपेटीतली एक काडी पेटवा. ज्योत लाकडाला चिकटलेली नसते, किंचित वर, हवेत असते. कारण लाकूड थेट जळत नाही. ते तापतं, त्यातून गॅस आणि वाफा निघतात, आणि त्या जळतात. आता फुंकर मारा. पांढरा धूर निघेल. तो धूर म्हणजे न जळलेलं इंधन: पाण्याची वाफ आणि डांबरासारख्या चिकट पदार्थांचे बारीक थेंब.

गॅसिफायर म्हणजे हाच प्रकार एका लोखंडी भांड्यात, हवा मोजून देऊन. पूर्ण जळायला जेवढी हवा लागते तिच्या साधारण पाव ते एक तृतीयांश हवाच आत सोडायची. थोडं इंधन जळतं, त्या उष्णतेने बाकीचं सुटं होतं, आणि तळाशी लाल झालेल्या कोळशावरून जाताना कार्बन डायऑक्साइडचा कार्बन मोनॉक्साइड आणि वाफेचा हायड्रोजन होतो. बाहेर पडतो तो प्रोड्यूसर गॅस. हवेवर चालणाऱ्या साध्या यंत्रात त्यात साधारण २० टक्के कार्बन मोनॉक्साइड, १५ ते २० टक्के हायड्रोजन, थोडा मिथेन आणि जवळजवळ निम्मा नायट्रोजन असतो. एका घनमीटरमध्ये ऊर्जा ४.५ ते ५ मेगाज्यूल. नैसर्गिक वायूत ती ३६ च्या आसपास असते. म्हणजे गॅस तसा पातळच, चहात निम्मं पाणी असावं तसा. पण इंजिन चालतं.

(हे वाचून कोणी गच्चीवर ड्रम आणि पाईप घेऊन बसणार असेल तर थांबा. कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही, आणि बंद जागेत तो माणूस मारतो. वास येतो तो डांबराचा. गॅस जितका स्वच्छ, तितका तो कमी कळतो.)

लाकडात, पाचटात तीन मुख्य गोष्टी: सेल्युलोज, हेमिसेल्युलोज आणि लिग्निन. तिन्ही लांबच लांब रेणू. २०० ते ५०० अंशांच्या दरम्यान हे रेणू तुटतात, पण सुबकपणे तुटत नाहीत. काही तुकडे हायड्रोजन, मिथेन असे लहान होतात, काही कोळसा म्हणून मागे राहतात, आणि मधल्या आकाराचे असंख्य तुकडे वाफ होऊन उडतात. या मधल्या तुकड्यांचा घोळका म्हणजे टार. हा एकच पदार्थ नाही, शेकडो पदार्थांची खिचडी आहे. तज्ज्ञांनी १९९० च्या दशकाच्या शेवटी सोयीसाठी ठरवलं की बेंझिनपेक्षा जड असलेलं जे जे सेंद्रिय त्या गॅसमध्ये असेल, त्याला टार म्हणायचं.

मराठीत याला डांबर म्हटलं तर चालेल. नुसतं चालेल असं नाही, आपली भाषा इथे केमिस्ट्रीच्या पुढे आहे. कपाटात आपण ज्या पांढऱ्या 'डांबर गोळ्या' ठेवतो त्या नॅफ्थलीनच्या, आणि नॅफ्थलीन हा गॅसिफायरच्या टारमधला नेहमीचा पाहुणा. आजीच्या स्वयंपाकघरात चुलीच्या वर आढ्याला बसलेला तो काळा-तपकिरी, बोटाला चिकटणारा थर आठवतो? तोही याच कुळातला. ओली लाकडं घातली की तो जास्त बसतो, हे आजीला कुठल्याही पेपरशिवाय माहीत होतं.

गरम असताना शहाणं, थंड झालं की त्रास

आता खरा मुद्दा. टार गॅसमध्ये असणं ही मुळात अडचण नाही. गॅस ४०० अंशांना असेल तर बहुतेक टार वाफेच्या रूपात असतं, दिसतही नाही. तिथेच बर्नरला लावून जाळलं तर टारही जळतं, वर त्याची उष्णता बोनस मिळते. अडचण सुरू होते गॅस थंड केल्यावर. पावसाळ्यात फ्रीजमधली बाटली बाहेर काढली की तिला घाम फुटतो ना, अगदी तसं. ठरावीक तापमानाच्या खाली टारची वाफ पाईपच्या भिंतीवर बसायला लागते. आणि हा घाम पुसून जात नाही. त्यात राखेचे कण मिसळतात, वरून नवा थर बसतो, जुना थर तापून घट्ट होतो. नॅफ्थलीन तर थेट स्फटिक होऊन थंड पाईपच्या कोपऱ्यात जमतं.

मग गॅस थंड करायचाच कशाला? कारण इंजिनाला थंड गॅस लागतो. गरम गॅस पसरलेला असतो, सिलिंडरमध्ये कमी मावतो, ताकद पडते. आणि हायड्रोजन वेगळा काढायचा असेल तर गॅस दाबायचा, उत्प्रेरकांवरून न्यायचा, गाळायचा. तिथे गरम-चिकट काहीच चालत नाही.

म्हणजे प्रश्न 'या गॅसमध्ये टार किती' एवढाच नाही. 'या गॅसचं पुढे काय करणार' हा त्याहून मोठा आहे. मामांच्या पीडीएफमध्ये चुलीपासून हायड्रोजनपर्यंत सगळे बाण सारख्याच जाडीचे होते. खरं तर प्रत्येक बाणाला टारची अट दहा-दहा पटींनी कडक होत जाते.

जरा हिशेब करू

पीडीएफमधला प्लांट ५० किलोवॅटचा होता. लाकूड-पाचटाच्या एका युनिटला साधारण १.२ किलो इंधन धरा. म्हणजे तासाला ६० किलो. एका किलोपासून अडीच घनमीटर गॅस, म्हणजे तासाला १५० घनमीटर.

गॅसिफायर जर 'डाऊनड्राफ्ट' असेल, म्हणजे गॅस खालच्या लाल कोळशातून ओढून घेतला जात असेल, तर टार बहुतेक तिथेच तुटतं. घनमीटरला १ ग्रॅमच्या आसपास उरतं. तासाला १५० ग्रॅम. आठ तासांचे १.२ किलो. महिन्यात २५ दिवस चालवलं तर ३० किलो डांबर. हे चांगल्या, नीट चालणाऱ्या यंत्राचं. तेच यंत्र 'अपड्राफ्ट' असेल, म्हणजे गॅस वरच्या थंड, ओल्या इंधनातून बाहेर पडत असेल, तर घनमीटरला ५० ग्रॅमही सहज येतं. महिन्याला दीड टन! अपड्राफ्ट वाईट असं नाही, भट्टीला थेट जोडायला तो उत्तम आहे. पण त्याला इंजिन जोडणं म्हणजे नवं इंजिन मुद्दाम मारणं.

इंजिनाला चालतं किती? साधारण १०० मिलिग्रॅमच्या खाली, आणि ५० च्या खाली असेल तर बरं. म्हणजे १ ग्रॅमचं १०० मिलिग्रॅम करायचं. ९० टक्के टार पकडायचं. महिन्याला २७ किलो कुठेतरी जमा होणार.

कुठे? हा तो तिसरा चौकोन.

तीन-चार वर्षांपूर्वीची हिरवी स्क्रीन

इथे माझी एक गोष्ट सांगतो, कारण टारशी माझी ओळख पुस्तकातून झाली नाही. मी तेव्हा एका छोट्या कंपनीत होतो. एका भातगिरणीजवळ तुसावर चालणारा गॅसिफायर होता आणि त्याचा डॅशबोर्ड आम्ही बनवत होतो. माझं काम सोपं होतं: फिल्टरच्या आधीचा आणि नंतरचा दाब मोजायचा, फरक वाढला की 'फिल्टर साफ करा' असा मेसेज ऑपरेटरच्या मोबाईलवर पाठवायचा. पुण्यात एसीत बसून कोड लिहिला, टेस्ट केला, मस्त चालला.

पंधरा दिवसांनी इंजिन बंद पडलं. माझ्या स्क्रीनवर सगळं हिरवं. दाबाचा फरक तासनतास तसाच, एकदम आदर्श. मी फोनवर ठणकावून सांगितलं की फिल्टर ठीक आहे, इंजिनाचा प्रॉब्लेम असणार. मग साइटवर गेलो. ऑपरेटरने, म्हणजे पन्नाशीच्या एका शांत काकांनी, मला काही न बोलता दाब मोजायची ती बारीक नळी काढून दाखवली. आत गोंदासारखं काळं. नळी पूर्ण बंद होती. माझा सेन्सर नळीत अडकलेली जुनी हवा मोजत होता. इंजिनाच्या इनटेक व्हॉल्व्हवर तेच काळं, कडक झालेलं. व्हॉल्व्ह हातोडीने ठोकून बाहेर काढले.

त्या दिवशी शिकलो ते असं: खरा सेन्सर नेहमी थोडा थरथरतो. इंजिन चालू असताना दाबाची रेषा एकदम सरळ आली तर ती चांगली बातमी नाही. मी कोडमध्ये एक ओळ घातली, की आकडा दहा मिनिटं जराही हलला नाही तर लाल दिवा लावा. माझ्या करिअरमधला तो सगळ्यात उपयोगी 'इफ' असेल.

दुसरी गोष्ट मात्र कोडने सुटणारी नव्हती. गॅस धुवायला तिथे पाण्याचा स्क्रबर होता. गॅसवर पाण्याचा फवारा, टार पाण्यात. स्वस्त आणि सोपं. ते पाणी एका टाकीत फिरत राहायचं, आणि काळं, उग्र वासाचं झालं की बदलायचं. बदललेलं पाणी कुठे जातं असं काकांना विचारलं. त्यांनी गिरणीच्या मागच्या चरीकडे बोट केलं. चर पुढे शेतात जात होती.

त्या पाण्यात फिनॉल असतात. फॅक्टरीने नदी-नाल्यात सोडायच्या पाण्यात फिनॉलची मर्यादा आपल्याकडे लिटरला १ मिलिग्रॅम आहे. एक मिलिग्रॅम, आणि इथे आपण महिन्याला किलोंमध्ये बोलतोय. म्हणजे पाण्याच्या स्क्रबरने टार 'काढलं' असं आपण म्हणतो तेव्हा ते फक्त गॅसमधून पाण्यात हलवलेलं असतं. डिलीट नाही, कट-पेस्ट.

मग जगाने काय केलं?

टारवर उपाय नाहीत असं नाही. भरपूर आहेत, आणि बरेच हुशार आहेत. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोल मिळेना तेव्हा युरोपात लाखो गाड्या लाकडाच्या गॅसवर चालल्या. त्यातला इंबर्ट गॅसिफायर आजही नमुना मानतात. त्याची युक्ती म्हणजे भांड्याच्या मध्यावर अरुंद गळा. सगळ्या वाफांना त्या तापलेल्या गळ्यातून जावंच लागतं, आणि तिथे टार तुटतं. पण त्यासाठी लाकडाचे ठरावीक आकाराचे, सुके ठोकळे लागतात. पाचट घातलं तर गळ्यात अडकतं. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेने म्हणून वरून उघडा डाऊनड्राफ्ट गॅसिफायर विकसित केला, ज्यात हवा वरूनही येते आणि बाजूनेही. डेन्मार्कच्या तांत्रिक विद्यापीठातल्या 'व्हायकिंग' गॅसिफायरने तर कामंच वेगळी केली: एका भांड्यात लाकूड तापवून वाफा काढायच्या, मध्ये थोडी हवा देऊन त्या जाळायच्या, आणि दुसऱ्या भांड्यात लाल कोळशाच्या थरातून गाळायच्या. टार जवळजवळ शून्यावर आलं. हे आपल्या भाषेत रिफॅक्टरिंग झालं. एका फंक्शनमध्ये कोंबलेली दोन कामं सुटी केली.

टार तयार झाल्यावर पकडायचेही मार्ग आहेत. ऑस्ट्रियातल्या ग्युसिंग गावाच्या ८ मेगावॅटच्या प्लांटमध्ये पाण्याऐवजी बायोडिझेलने गॅस धुवायचे. टार तेलात छान विरघळतं, आणि मळलेलं तेल परत भट्टीत जाळून टाकायचे. काळं पाणी चरीत सोडायचा प्रश्नच नाही. डोलोमाइट, ऑलिव्हिन असे खनिजांचे खडे भांड्यात घालतात, त्यांच्यावर टार तुटतं. निकेलचे उत्प्रेरक वापरतात, पण गंधकाने ते मरतात आणि त्यांच्यावर कार्बनची पुटं चढतात. किंवा सरळ १,२०० अंशांच्या वर तापवायचं. मग जवळजवळ सगळं तुटतं, पण तेवढं तापवायला स्वतःचाच गॅस जाळावा लागतो.

तापवण्यात एक गंमत आहे. ६००-७०० अंशांना जे टार असतं ते ऑक्सिजनवालं, तुलनेने नाजूक. ८५० च्या पुढे नेलं की एकूण वजन घटतं, पण उरतात ते नॅफ्थलीनसारखे, कड्यांना कड्या जोडलेले हट्टी रेणू. म्हणजे 'टार ८० टक्के कमी' हा आकडा खरा असूनही पाईप तितकाच तुंबू शकतो. ब्रोशरमध्ये टक्के आले की मी म्हणून आधी विचारतो: उरलेले कोणते?

आणि हो, तंत्र जमलं म्हणजे धंदा जमतोच असं नाही. स्वीडनमध्ये गोथेनबर्गला २० मेगावॅटचा 'गोबीगॅस' प्लांट उभा राहिला. सुरुवातीला त्यांचा गॅस थंड करणारा भागच टारने तुंबायचा. मग भांड्यात पोटॅशियमचा क्षार घालायला लागल्यावर टार आटोक्यात आलं आणि लाकडापासून बनलेला मिथेन शहराच्या पाईपलाईनमध्ये गेला. इंजिनिअरिंग जिंकलं. तरी २०१८ मध्ये तो बंद करायचा निर्णय झाला, कारण त्या भावात गॅस परवडेना. ग्युसिंगचा प्लांटही चांगला दीड दशक चालून २०१६ मध्ये थांबला, विजेला मिळणारा जादा दर संपल्यावर.

आपल्याकडचं उदाहरण बिहारचं. 'हस्क पॉवर'ने २००७ मध्ये भाताच्या तुसाच्या गॅसवर गावात वीज द्यायला सुरुवात केली. त्या काळी जिथे तारच पोचली नव्हती तिथे हे खरोखर मोठं काम होतं. पुढे कंपनीने सौर पॅनेल जोडले आणि भर तिकडे सरकला. का ते समजायला एक आकडा पुरे: २०१७ मध्ये राजस्थानातल्या भडला इथल्या लिलावात सौर विजेचा दर युनिटला २.४४ रुपयांवर आला. गावातल्या छतावर हा दर मिळत नाही, मान्य. पण पॅनेलला कोणी रोज फिल्टर साफ करावा लागत नाही, आणि त्यातून काळं पाणी येत नाही.

फलटणचा धडा

महाराष्ट्राला हे सगळं नवीन नाही. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेत डॉ. अनिल राजवंशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकातच लाकडाच्या गॅसवर ३.७५ किलोवॅटचा, म्हणजे आपला नेहमीचा पाच एचपीचा, डिझेल पंप चालवून दाखवला होता. त्याच सुमाराला केंद्र सरकारच्या अनुदानावर असे छोटे गॅसिफायर पंप देशभर वाटले गेले, आणि त्यातले कितीतरी पुढे कोपऱ्यात पडले. शेतकऱ्याला पाणी हवं होतं, रोज लाकूड तोडून ठोकळे करायचे आणि संध्याकाळी फिल्टर धुवायचा ही दुसरी नोकरी नको होती.

पण फलटणच्याच संस्थेने पुढे जे केलं ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं. उसाचं पाचट आणि बगॅस हे सुटं, फुगीर, भांड्यात अडकणारं इंधन घेऊन त्यांनी गॅसिफायर बनवला, आणि १९९७ मध्ये त्यावर शोधनिबंध प्रसिद्ध केला. वापर कशासाठी? उद्योगांच्या भट्ट्यांना उष्णता द्यायला. इंजिनासाठी नाही. गॅस थंड करायचाच नाही, गरम असतानाच जाळायचा. तिसरा चौकोन जवळजवळ उडवूनच टाकला.

आणि हायड्रोजन?

होतो. खोटं नाही. भारतीय विज्ञान संस्थेने २०२२ मध्ये सांगितलं की त्यांच्या पद्धतीने एक किलो बायोमासपासून १०० ग्रॅम हायड्रोजन मिळतो. ऐकायला गंमत वाटेल, पण एक किलो सुक्या बायोमासमध्ये स्वतःचा हायड्रोजन साधारण ६० ग्रॅमच असतो. उरलेला येतो वाफेच्या पाण्यातून. तिथे हवेऐवजी ऑक्सिजन आणि वाफ वापरतात, म्हणून गॅसमध्ये निम्मा नायट्रोजन घुसत नाही आणि तापमानही नीट राखता येतं. हे खरं, चांगलं विज्ञान आहे.

पण त्यासाठी ऑक्सिजनचा प्लांट लागतो. वाफेचा बॉयलर लागतो. गॅस शुद्ध करून हायड्रोजन वेगळा काढणारी यंत्रणा लागते, आणि तिच्यातल्या शोषक पदार्थाला टार लागलं की तो गेला. अकरा माणसांचे मिळून २२ लाख रुपये. त्यात हे सगळं बसवून वर नफा? मला तो हिशेब जुळवता आला नाही, आणि पीडीएफवाल्यांनीही मांडलेला नव्हता. फक्त ठिपक्यांची रेष होती.

ब्रोशरमधले टारचे आकडे कसे मोजतात हेही बघायला हवं. पूर्ण लोडवर, सुक्या लाकडाच्या ठोकळ्यांवर. गावातला लोड रात्री अकरानंतर पाव होतो. लोड कमी म्हणजे कमी हवा, कमी तापमान, आणि टार जास्त. इंधनात २० टक्क्यांहून जास्त ओलावा असला तरी तेच. आता कोल्हापूरच्या जुलैत पाचटात २० टक्के ओलावा राखून दाखवा! शिवाय पाचटाच्या राखेत पोटॅशियम भरपूर, ती वितळून भांड्यात खडे धरते.

मामांना मी तीनच प्रश्न लिहून दिले. पाव लोडवर, पाचटावर, घनमीटरला टार किती, आणि ते कोणी मोजलं? पकडलेलं डांबर आणि काळं पाणी कुठे जाणार, आणि त्याची परवानगी कोणाच्या नावावर? अशाच इंधनावर सलग दोन हजार तास चाललेला प्लांट कुठे बघायला मिळेल?

चार दिवसांनी फोन आला. "विचारलं रे. पहिल्याला म्हणाला, कंपनीचं सर्टिफिकेट आहे, पाठवतो. अजून आलं नाही. तिसऱ्याला म्हणाला, तुमचाच पहिला होणार, अभिमानाची गोष्ट आहे."

"आणि पाण्याचं?"

"ते म्हणाला, तुम्ही शेतकरी माणसं, तुमच्याकडं जागा भरपूर आहे."

मामांनी पैसे ठेवून घेतले. अकरातले सहा जण थांबले, पाच जण अजून त्या माणसाच्या संपर्कात आहेत. मामांचा मात्र आता वेगळाच नाद सुरू झालाय. परवा रात्री दहाला फोन: "तू म्हणालास गरम गॅस जाळला तर डांबराचा त्रास नाही. मग आपल्या गुऱ्हाळाच्या चुलवाणात चिपाड नुसतं कोंबण्यापेक्षा असा गॅस करून काहिलीखाली सोडला तर? गुळव्या म्हणतो जाळ एकसारखा मिळाला तर गुळाचा रंग सुधारेल."

मी म्हटलं, आधी आत्ताचं चुलवाण किती तापतं आणि धुराड्यातून किती उष्णता वाया जाते ते मोजू. दोन थर्मोकपल मागवलेत. दिवाळीला जाताना घेऊन जाणार आहे, आणि या वेळी आकडा हलतोय ना, हे पहिल्यांदा बघणार आहे.